गॉथिकमध्ये एवढं काय आहे? मोडक्यातोडक्या आरपीजींवर (पात्र होऊन खेळायच्या गेमवर) लोक इतका जीव का टाकतात?

सातबारा_उतारा

मंडळी, खरंच विचारतोय, काडी टाकायला आलो नाहीये. किंगडम कम डिलिव्हरन्स या गेमचा पहिला भाग नुकताच संपवला, सुरुवातीला जाम डोक्यात गेला होता पण नंतर असा चढला की दुसरं काही खेळावंसंच वाटेना. मग जिथे तिथे वाचलं की हा आवडला तर गॉथिक खेळ, २००१ चा, जर्मन लोकांनी केलेला, सगळ्यांचा आजोबा. सेलमध्ये मातीमोल भावात मिळत होता म्हणून घेतला.

आणि काय सांगू. माऊस नुसता शोभेला. जमिनीवरची गोष्ट उचलायची तर कंट्रोल दाबून धरायचं आणि वरचा बाण दाबायचा, पेटी उघडायची तरी तेच, बोलायचं तरी तेच, तलवार मारायची तरी तेच. मॅप नाही, कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही, वाटेत कोंबडीसारखा दिसणारा एक प्राणी आला त्यानेच मला लोळवलं. कसाबसा छावणीत पोचलो तर ब्लडविन नावाचा एक दादा आला, म्हणे संरक्षणाचे दहा ओर (तिथले पैसे) दे. नाही म्हटलं. थोड्या वेळाने भलताच कोणीतरी आला आणि मला बडवून गेला.

तर प्रश्न असा की हे प्रेम खरं आहे का लहानपणी खेळलेलं म्हणून गोड लागतंय? कारण ब्लडलाइन्स, अल्फा प्रोटोकॉल, एलेक्स, या सगळ्या गेमांची अशीच भक्तमंडळी आहे आणि सगळे आधी हेच म्हणतात की "गेम खूप मोडका आहे, पण..." या पणच्या पुढे काय असतं ते कोणीतरी नीट सांगा. पुढे खेळू की रिफंड मारू?

कांदेबटाटे_रस्सा

रिफंड अजिबात नको! तुला बडवलं ना, तिथेच तर गेम सुरू होतो रे.

आता बघ, त्याने तुला बडवलं पण मारलं नाही. तू पडलास, त्याने तुझं ओर काढून घेतलं, पडलेलं हत्यार उचललं आणि गेला निघून, आणि तू धूळ झटकून उठलास. बहुतेक गेममध्ये मारामारी म्हणजे एकतर तो मेला नाहीतर तू मेलास आणि लोड करा. इथे २००१ साली मारामारीला भांडणाचं स्वरूप दिलंय. उद्या तू तयार होऊन गेलास की त्याच माणसाला लोळवशील, त्याचे खिसे उलटे करशील आणि तोही उठून बसेल. तो सूड जो लागतो ना, त्याला तोड नाही.

आणि एक गोष्ट मुद्दाम बघ. आत्ता तुझा हीरो एका हाताची तलवार दोन्ही हातांनी धरतोय, काठी धरल्यासारखी, आणि मारला घाव की स्वतःच झोक जातो. आखाड्यापाशी स्कॅटी भेटेल, त्याच्याकडे पॉइंट आणि ओर देऊन शिकलास की पकड बदलते, एका हातात तलवार येते, घावाला घाव जोडता येतो. म्हणजे कौशल्य वाढलं हे आकड्यात नाही, हातात दिसतं. मेनूत जाऊन प्लसचं बटण दाबायचं नाही, शिकवणारा माणूस शोधायचा, त्यातला एखादा म्हणणार आधी आमच्या छावणीत ये मग शिकवतो. किंगडम कममध्ये आपल्या हीरोला, हेन्रीला, वाचता येत नसतं, पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीसुलटी दिसतात आणि उझित्सच्या लेखनिकाकडे शिकल्यावर हळूहळू शब्द जुळतात, ते आवडलं असेल ना तुला? त्याच घराण्यातली गोष्ट आहे ही.

तुरुंगाची भिंत तर माझी सगळ्यात लाडकी. राजाला ऑर्क नावाच्या राक्षसांशी लढायला जादुई धातू, म्हणजे तेच ओर, हवा म्हणून कैद्यांना खाणीत कोंबलं, पळू नयेत म्हणून जादूगारांनी घुमट उभा केला, तो हवा त्यापेक्षा मोठा झाला आणि जादूगार स्वतःच आत अडकले. कैद्यांनी खाण ताब्यात घेतली आणि आता राजा त्यांच्याकडून धातू विकत घेतो, बदल्यात धान्य, कपडे, काय हवं ते पाठवतो. गॉथिक करणारी पिरान्हा बाइट्स ही लहानशी टीम, आधी बोखुमला होती मग एसेनला, मोठं जग बनवायची ताकदच नव्हती. सगळ्या गेमना कुठेतरी अदृश्य भिंत घालावीच लागते, यांनी त्या भिंतीचीच कथा केली. आणि आतलं जग लहान असल्यामुळे प्रत्येक माणसाचा दिवस ठरवता आला, लोहार घण मारतो, संध्याकाळी शेकोटीपाशी येतो, रात्री झोपतो, तू त्याच्या झोपडीत घुसलास तर "ए, बाहेर हो" म्हणून दम देतो.

मी कामानिमित्त जर्मनीत असतो, इथे ऑफिसात चाळिशीतल्या कोणापुढे गॉथिक म्हटलं की माणूस जेवण विसरून सुरू होतो. पोलंडमध्ये तर त्याहून वेड. तिथल्या चाहत्यांनी गॉथिक २ वर क्रॉनिकल्स ऑफ मिर्ताना आर्कोलोस नावाचा अख्खा नवा गेम केला, नवीन बेट, पूर्ण आवाज दिलेले संवाद, २०२१ च्या डिसेंबरात फुकट वाटला. नुसत्या लहानपणच्या आठवणींवर एवढं काम कोण करेल?

ढेकूणमार

रस्साभाऊंनी लिहिलं छान पण एक गोष्ट गुळमुळीत सोडून दिली. तुरुंग, मारामारी, शिकवणारे गुरुजी, हे सगळं ठरवून केलेलं आहे. कंट्रोल आणि वरचा बाण हे ठरवून केलेलं नाही, ते चुकलेलं आहे. आणि तिसऱ्या चॅप्टरनंतर कैद्यांच्या तीन छावण्यांमधला (जुनी, नवी आणि दलदलीतली) फरक जवळजवळ पुसला जातो, शेवटी शेवटी देवळातच फिरत बसावं लागतं, ते वेळ आणि पैसा संपल्यावर जे होतं ते आहे. चाहते या तिन्हींची खिचडी करतात आणि सगळ्यालाच "गेमचा स्वभाव" म्हणतात तिथे माझं डोकं फिरतं.

मी टेस्टिंगमध्ये काम करतो, गेमच्या नाही, पण बग तो बग. ठरवून दिलेला त्रास वेगळा आणि राहून गेलेला त्रास वेगळा. किंगडम कममध्ये सेव्ह करायला दारू प्यावी लागते, सेव्हियर श्नॅप्स, ते ठरवून केलेलं होतं, तरी नंतर त्यांनी सेव्ह करून बाहेर पडायची सोय दिलीच ना, कारण नोकरीधंद्याच्या माणसाला मध्येच उठावं लागतं. त्याने गेमचं काही बिघडलं का? नाही बिघडलं.

आणि हे प्रेम कामगारांच्या पोटाला पुरत नाही हेही बोला की. फॉलआउट न्यू वेगास २०१० चा, तो करणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मिळाले जेमतेम १८ महिने, पहिल्याच दिवशी गेममधल्या डॉक मिचेलचं मुंडकं भोवऱ्यासारखं गरगर फिरत असल्याचे व्हिडिओ सगळीकडे. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ८५ आले तर बोनस असं ठरलेलं, आले ८४. हे त्यांच्याच ख्रिस अ‍ॅव्हेलोनने नंतर सांगितलं. आज जो तो म्हणतो मालिकेतला सगळ्यात भारी भाग, पण तेव्हा त्या एका मार्काने बोनस गेला तो गेलाच. पिरान्हा बाइट्स तर २०२४ मध्ये बंदच झाली. आपण पाच वर्षं थांबून ८० टक्के सूट मिळाली की घेणार आणि मग अंडररेटेड म्हणून गळा काढणार.

सातबारा, खेळ जरूर, पण कंट्रोलचा राग येत असेल तर तो योग्यच राग आहे, तुला गेम कळत नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस.

निशाचर_नलू

ढेकूणमारदादा, तुमची वर्गवारी पटली आणि तरी नाही पटली, कारण माझा ब्लडलाइन्स त्यात बसतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हॅम्पायर द मास्करेड ब्लडलाइन्स, ट्रॉयका गेम्सचा. टिम केन, लिओनार्ड बॉयर्स्की आणि जेसन अँडरसन या पहिल्या फॉलआउटच्या तिघांनी काढलेली कंपनी. इंजिन घेतलं व्हॉल्व्हचं सोर्स, तेही अजून तयार होत असताना, आणि व्हॉल्व्हच्याच हाफ लाइफ २ च्या आधी बाजारात यायचं नाही अशी अट. शेवटी १६ नोव्हेंबर २००४ ला दोन्ही एकाच दिवशी आले, आता त्या दिवशी दुकानात गेलेल्या माणसाने कुठला डबा उचलला असेल ते सांगायला नको. काही महिन्यांत ट्रॉयका बंद.

आणि गेम कसला, तर तुम्ही माल्कावियन या व्हॅम्पायर वंशाचे झालात की तुमचं डोकं फिरलेलं असतं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमचं प्रत्येक वाक्य वेगळं लिहिलंय, प्रत्येक! तुम्ही रस्त्यावरच्या स्टॉपच्या पाटीशी भांडता, टीव्हीवरचा बातम्या देणारा तुमच्याशी बोलायला लागतो, आणि तुमच्या बरळण्यात पुढच्या कथेतली गुपितं आधीच सांगून टाकलेली असतात, ती दुसऱ्यांदा खेळताना कळतात. नॉस्फेराटू वंश घेतलात तर तोंड इतकं भयानक की लोकांनी बघितलं तर व्हॅम्पायर लपून राहायच्या नियमाचा भंग, मग अख्खं लॉस एंजेलिस गटारातून फिरा. ओशन हाउस हॉटेलमध्ये मारायला एकही शत्रू नाही, दिवे फुटतात, भांडी अंगावर येतात, लिफ्ट कोसळते आणि रात्रीचं खेळायची माझी तरी अजून हिंमत होत नाही, आमचे अहो शेजारी बसले असले तरच.

मग हॉलिवूडची गटारं येतात. तिथे बोलणं संपतं, नुसती कापाकापी, आणि ज्याने सगळे पॉइंट गोड बोलण्यात घातले त्याची वाट लागते. हा तुमचा राहून गेलेला त्रास, मान्य. पण माझं म्हणणं एवढंच की दोन्हीचं मूळ एकच आहे ना! एका वंशासाठी सगळे संवाद पुन्हा लिहायचे असलं खूळ हिशोबी कंपनीने कधीच मंजूर केलं नसतं. ज्यांनी ते केलं त्यांचे पैसे गटारापर्यंत पुरले नाहीत. मला गटार आवडत नाही, कोणालाच आवडत नाही, पण गटार कापून मला माल्कावियन मिळणार नव्हता.

बाकी तो गेम आज नीट चालतो तो चाहत्यांच्या अनऑफिशियल पॅचमुळे, म्हणजे दुरुस्त्यांमुळे. कित्येक वर्षं वेस्प५ नावाने एक गृहस्थ तो सांभाळतायत, मूळ गेममध्ये एका मिशननंतर बोटीतून निघताना गेम क्रॅश व्हायचा आणि पुढे जाताच यायचं नाही, इतका तो मोडका होता. गॉग या ऑनलाइन गेमच्या दुकानात घेतलात तर पॅच आतच येतो.

अर्धवट_सेव्ह

अल्फा प्रोटोकॉलचं नाव निघालं म्हणून धावत आलो. गोळीबार भंगार, समोरच्याच्या नाकासमोर बंदूक धरली तरी स्किल नाही म्हणून गोळी भलतीकडे. पण ब्रायको नावाच्या खलनायकाशी लढाई अवघड जात असेल आणि आधी हेक नावाच्या वेडपटाशी संधान बांधलं असेल तर तो ब्रायकोच्या कोकेनमध्येच विष कालवून ठेवतो. कोणाशी कसं बोललो याचा असा हिशोब ठेवणारे गेम आजही बोटावर मोजण्याइतके. २०१९ ला संगीताच्या हक्कांवरून दुकानातून काढला, २०२४ ला गॉगवर परत आला, मी त्याच दिवशी घेतला, आधीची डीव्हीडी घरात असताना.

ढेकूणमार

@नलूताई, गटार कापून माल्कावियन मिळणार नव्हता हे बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग ट्रॉयका बुडाल्याचं खापर चाहत्यांनी नुसतं पब्लिशरवर फोडू नये, एवढं तरी? त्यांचाच आधीचा गेम आर्केनम पण तसाच होता ना, जादू जास्त असली तर रेल्वेचं तिकीट मिळत नाही इतका बारीक विचार, आणि मारामारी बघवत नाही. सवयच होती त्यांची.

निशाचर_नलू

सवय होती, हो. तेवढं कबूल. टिम केन स्वतःच यूट्यूबवर बरंच मोकळेपणाने बोलतात जुन्या दिवसांबद्दल, बघा वेळ मिळाला तर.

सातबारा_उतारा

बापरे, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. रिफंड नाही केला. काल रात्री बसलो, सिस्टीम पॅक आणि डीएक्स११ रेंडरर (जुना गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या दुरुस्त्या) टाकला, आता निदान नीट चालतोय. कंट्रोल अजूनही वाईटच आहे आणि मी ढेकूणमारच्या बाजूने आहे. पण स्कॅटीकडे शिकून आलो आणि हीरोने तलवार खरंच एका हातात धरली तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो राव. नंतर ज्याने मला बडवलं होतं त्याला गाठला, लोळवला, पैसे घेतले, कुऱ्हाडही घेतली. तो उठला आणि मुकाट चालायला लागला.

आता छावणी कुठली घेऊ? जुनीतले लोक मला आवडत नाहीत, दलदलवाले सारखे गांजा ओढत देवाचं नाव घेतायत.

कांदेबटाटे_रस्सा

नवी घे. तिथे भातशेती आहे, आपल्याला घरच्यासारखं वाटतं. पण प्रवेश घेण्याआधी तिन्हीकडची कामं उरकून टाक, एकदा एका छावणीचे कपडे घातले की बाकीच्यांची बरीच कामं बंद होतात.

ढेकूणमार

आणि वेगवेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह कर. एकाच स्लॉटवर विसंबून राहू नको या गेममध्ये.