विषय: सभागृहासमोरील पादचारी मार्ग आणि आपल्या जागेचा पट्टा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपल्या सभागृहासमोरील रस्त्याच्या कडेने वाचनालयापासून शाळेपर्यंत पादचारी मार्ग बांधण्यासाठी टाउनशिपला, म्हणजे आपल्या स्थानिक नगरप्रशासनाला, न्यू जर्सी परिवहन विभागामार्फत केंद्राचे अनुदान मंजूर झाले आहे. ते स्वीकारायचे की नाही, हा ठराव मांडण्यापूर्वी टाउनशिपने लगतच्या मिळकतदारांचे मत मागवले आहे. आपल्या आवाराच्या दर्शनी भागाचा 10 फूट रुंदीचा पट्टा कायमच्या ईझमेंटने, म्हणजे केवळ वापराच्या हक्काने, द्यावा लागेल. मालकी आपलीच राहील, मात्र मंडळाचा फलक मागे सरकवावा लागेल. आपले म्हणणे कृपया याच ईमेल-यादीवर, कारणांसह कळवावे.

आपला,
सचिव

•

सचिव महोदय, सप्रेम नमस्कार.

अनुदान मिळते ते मार्ग बांधण्यासाठी. नेहमीच्या देखभालीसाठी या योजनेतून पैसा मिळत नाही, आणि माझी हरकत नेमकी तेथेच आहे. व्यावसायिक मिळकतीसमोरच्या पदपथाची जबाबदारी मालकावर असते, असा निर्णय न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली दिला. राहत्या घरांच्या मालकांना त्यातून वगळले, पण 1988 साली एका खासगी धार्मिक शाळेला मात्र तोच नियम लागू केला. बर्फ साफ करण्याचे कर्तव्यही याच जबाबदारीत मोडते. आपण सभागृह लग्नमुंजींसाठी भाड्याने देतो, त्यामुळे केवळ धर्मादाय संस्था म्हणून आपली सुटका होईल, असे मी गृहीत धरणार नाही. जानेवारीत पहाटे कोणी वाटसरू घसरून पडला आणि दावा आपल्यावर आला, तर विम्याचा वाढीव हप्ता वर्गणीतूनच भरावा लागेल. म्हणून माझे मत विरोधात नोंदवावे.

आपला,
कोषाध्यक्ष

•

सर्व सभासदांस आणि विशेषतः कोषाध्यक्षकाकांस सविनय नमस्कार.

काकांनी दाखवलेला धोका खरा आहे आणि तो लेखी करार करून दूर केल्याशिवाय आपण सही करू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु त्या धोक्यापायी मार्गालाच नकार द्यावा, हे मला पटत नाही.

माझे वडील गेल्या वर्षी सहा महिने आमच्याकडे राहिले. गाडी चालवता येत नसल्यामुळे ते रोज संध्याकाळी चालत सभागृहाच्या वाचन-कट्ट्यावर येत. एकदा नाटकाच्या तालमीला येताना मी त्यांना आपल्या फलकाजवळ पाहिले. एक ट्रक जवळून गेला, तेव्हा ते विजेरी छातीशी धरून गटाराच्या उतारावर उभे होते आणि त्यांचा एक बूट चिखलात रुतला होता. घरी त्यांनी एवढेच सांगितले, की येथे पहिली गाडी डावीकडून येते हे लक्षात राहत नाही, मान आधी उजवीकडेच वळते. ज्यांचे आईवडील भारतातून येतात, त्यांना हे नव्याने सांगायला नको. त्या उतारावरच्या गवतात पावलांनी एक वाट मळलेली आहे. फलकाच्या खांबापाशी ती रस्त्याकडे वळते, कारण पुढे चालायला जागाच उरत नाही. माणसे चालतच आहेत. अनुदान परत केले म्हणून ती थांबणार नाहीत.

या रस्त्याची वेगमर्यादा ताशी 45 मैल आहे. ट्रिपल ए फाउंडेशन या रस्ते-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या 2011 च्या अभ्यासानुसार ताशी 23 मैल वेगाच्या धडकेत पादचाऱ्याच्या मृत्यूचा सरासरी धोका 10 टक्के असतो, 42 मैलांना तो 50 टक्क्यांवर जातो. आणि सत्तरीच्या माणसाला 25 मैलांची धडक तिशीच्या माणसाला बसलेल्या 35 मैलांच्या धडकेइतकी घातक ठरते. केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या मते पदपथामुळे रस्त्याकडेने चालणाऱ्यांचे अपघात 65 ते 89 टक्क्यांनी कमी होतात.

तरीही आराखड्याबद्दल माझी एक तक्रार आहे. मिडलसेक्स ग्रीनवेवर आपण सारेच फिरतो. ती वाट जुन्या रेल्वेमार्गावर असल्याने तेथे दर शंभर पावलांवर ड्राइव्हवे, म्हणजे आवारात गाड्या ये-जा करण्याची वाट, आडवा येत नाही. रस्त्याकडेच्या मार्गावर मात्र प्रत्येक ड्राइव्हवे म्हणजे एक क्रॉसिंग आहे. आपल्या आवाराला दोन ड्राइव्हवे आहेत, आणि पूर्वेकडच्या ड्राइव्हवेपाशी वाढलेल्या कुंपणामुळे बाहेर पडणाऱ्या चालकाला चालणारा माणूस दिसतच नाही. गणेशोत्सवाच्या आरतीनंतर तेथे गाड्यांची जी रांग लागते, ती थेट या मार्गावरच उभी राहील. म्हणून आपण पूर्वेचा ड्राइव्हवे कायमचा बंद करावा, कुंपण गुडघ्याइतके ठेवावे आणि हे आपण होऊन टाउनशिपला कळवावे. दुसऱ्याकडून सुरक्षितता मागताना आपल्या दारातला धोका आपणच काढला पाहिजे.

केंद्रीय निधी असल्यामुळे जागा संपादनाविषयीच्या 1970 च्या केंद्रीय कायद्यानुसार टाउनशिपला आपल्या पट्ट्याचे मूल्य ठरवून योग्य मोबदला देऊ करावा लागेल. त्या रकमेपेक्षा मला ईझमेंटच्या दस्तातील एक कलम मोलाचे वाटते: मार्गाची दुरुस्ती, बर्फ आणि मीठ ही सर्व जबाबदारी टाउनशिपची, आणि त्यातून उद्भवणाऱ्या दाव्यात मंडळाला तिचे पूर्ण संरक्षण. हे कलम दस्तात नोंदवले गेले, तर माझे मत होकाराचे आहे. त्याऐवजी तोंडी आश्वासन मिळाले, तर मीही काकांच्याच बाजूने मत देईन.

आपली,
एक आजीव सभासद

•

सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. त्या गटारापाशी मीही त्यांना दोनदा पाहिले होते आणि गाडी थांबवली नव्हती. सुचवलेले कलम आपल्या वकिलांनी तपासून द्यावे, आणि बर्फ थांबल्यावर किती तासांत मार्ग मोकळा व्हावा, हेही त्यात आकड्याने लिहावे. असे झाल्यास माझी हरकत मी मागे घेतो. पूर्वेचा ड्राइव्हवे बंद केल्यास कार्यक्रमांच्या दिवशी पश्चिमेच्या तोंडाशी चार स्वयंसेवक लागतील. पहिल्या दिवसासाठी माझे नाव लिहून घ्यावे.

आपला,
कोषाध्यक्ष