मदत हवी आहे: बरगड्यांवरचा टॅटू, इतके तास कसे काढायचे?

येत्या शनिवारी बरगड्यांवर मोठा टॅटू काढून घेतेय. ४-५ तास लागतील, असं आर्टिस्ट म्हणाला. माझा पहिला टॅटू मनगटावर, जेमतेम २० मिनिटांचा, पण तेव्हा शहाणपणा करून उपाशीपोटी गेले होते. सुई सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच कानात शिट्टी, डोळ्यांपुढे अंधारी, तळहात घामाने गार. शेवटी आडवं करून साखरपाणी पाजावं लागलं. नाचक्की नुसती!

यावेळी पोटभर जेवून, नीट झोपून जाणार. आदल्या दिवसापासून दारू बंद. उन्हात फिरणंही टाळतेय, कारण उन्हाने भाजलेल्या त्वचेवर काम करत नाहीत. इथवर ठीक.

अडलंय ते पुढे. बधिर करणारं क्रीम लावावं का? आर्टिस्टला विचारल्याशिवाय लावणार नाहीच, पण त्याचा असर मध्येच उतरला की दुखणं एकदम अंगावर येतं म्हणतात, खरं का? एका कुशीवर इतका वेळ पडून वरचा हात ठेवायचा कुठे? श्वास घेतला की बरगड्या हलणारच, मग सुई टेकलेली असताना हळू श्वास चालू ठेवायचा की रोखायचा? मैत्रीण म्हणते, बटणांचा सैल शर्ट उलटा घालून जा, पाठीकडून हवा तेवढाच उघडता येतो. कुणी केलंय असं?

आणि मध्येच थांबायला सांगितलं तर आर्टिस्ट वैतागतात का हो?