दाढदुखीची रात्र कशी काढली? खान्देशकरांनो, अनुभव लिहा

दाढ ठणकायला लागते तेव्हा दातांचा दवाखाना हमखास बंद असतो. शनिवारची रात्र, आखाजी, कानबाईचे रोट, नाहीतर गावची यात्रा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाचा तर शहादा किंवा नंदुरबार गाठण्यातच दिवस जातो. तोवर तुम्ही काय केलंत ते इथे लिहा. कशाने आराम पडला, कशाने तोंड भाजलं, दोन्ही येऊ द्या. नुसतं 'लवंग धरा' लिहून पळू नका. किडलेली दाढ घरच्या उपायाने भरून निघत नाही, एवढं आधीच मान्य करू, म्हणजे वाद वाचतील.

गिरणाकाठची, भडगाव
आखाजीला माहेरी होते. पुरणपोळी, आमरस, सगळं गोड, आणि दाढेच्या खळग्यात पुरण जाऊन बसलं. दिवसा झोक्यावर काही वाटलं नाही, रात्री गादीला पाठ लागली की ठणका सुरू. आई म्हणाली, "टेकून बस, आडवी होऊ नको." उशा रचून बसले तर खरंच उतार पडला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या आत सुजलेल्या नसेला फुगायला जागाच नसते.
पण खरा आराम पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून खळखळून चुळा भरल्यावर पडला. अडकलेलं पुरण निघालं. माझ्या मते पहिलं काम हेच, लवंग-बिवंग नंतर. काडी किंवा टाचणी मात्र खुपसू नका.

मेडिकलवाला, जामनेर
रात्री शटर वाजवून लोक मागतात, "भो, दातदुखीची अँटिबायोटिक दे." नसेच्या दुखण्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. पू पसरला, ताप आला, सूज चढली तर डॉक्टर लिहून देतात, आणि तेव्हा ती पूर्ण घ्यायची असते.
मोठ्या माणसाला दुखण्यावर चांगलं लागू पडतं ते आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, काहीतरी खाऊन. सोबत पॅरासिटामॉल ५०० चालतं, दोघांचं काम वेगवेगळ्या तऱ्हेने होतं. पण पाकीट वाचा. कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळीत दोन्ही आधीच असतात, त्यावर परत क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल दुप्पट. चोवीस तासांत पॅरासिटामॉल सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर अजिबात नाही, यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून कमी.
पोटात अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, यातलं काही असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरीही नको.
अॅस्पिरिन कुटून हिरडीवर लावणारेही येतात. हिरडी पांढरी पडून भाजते. दाढेचं दुखणं राहतं तसंच, वरून तोंडाला जखम.

अमळनेरची मास्तरीण
लवंगेचं तेल मी वापरलंय. ताई, नुसतं तेल हिरडीवर चोळलं तर आग आग होते. कापसाचा अगदी छोटा बोळा, त्यावर एखादा थेंब, तोही शेंगदाण्याच्या तेलात मिसळून, फक्त खळग्यात ठेवायचा. थोड्या वेळाने काढायचा, गिळायचा नाही. लहान मुलांना तर नकोच.
दातांच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो ना, तो बहुतेक याचाच. लवंगेतलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून डॉक्टर तात्पुरतं भरतात. म्हणजे आजीचा उपाय खोटा नव्हता, फक्त तेवढ्यावर थांबायचं नसतं.

केळीबाग, रावेर
मे महिना, बाहेर पारा पंचेचाळीसला. बर्फ रुमालात गुंडाळून बाहेरून गालावर धरला, थोडा वेळ धरायचा, थोडा वेळ सोडायचा. बरं वाटलं. घरातले म्हातारे वीट तापवून शेकायला निघाले होते. सुजलेल्या गालाला शेक नको, असं डॉक्टरांनी बजावलं.

सातपुड्यातला मास्तर, तोरणमाळकडे
इकडच्या आठवडे बाजारात 'दातातला किडा' काढणारे बसतात. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर, नळीने धूर तोंडात, आणि खाली पाण्याच्या ताटलीत पांढरे किडे! मी म्हटलं, आता कुणाचंही तोंड नको, नुसता धूर पाण्यावर सोड. 'किडे' तरीही पडले. बियांतलेच कोंब ते. दात किडतो तो जिवाणूंच्या आम्लाने. ते पोरांना फळ्यावर शिकवतो, पण बाजारातली ताटली जास्त पटते.
अक्कलकाढ्याचं फूल चावलं की जीभ-हिरडी बधिर होते, ते खरं आहे. पण बधिरपणा टिकतो फार थोडा. बसची वाट बघेपर्यंत म्हणू.

धुयाना पोऱ्या
आमनी माय म्हणस, दात दुखस जवय कोनी इचारत नही, पाडा तवय समदा इचारतस.
दारूची चूळ, तंबाखूचा बार, मिसरी: आमच्या गल्लीत सगळे प्रयोग झालेत. नशेत दुखणं विसरतं, दाढ तिथंच.

दातांचा डॉक्टर, धुळे
मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती "आपोआप थांबलं" म्हणणाऱ्यांची. आधी थंड लागायचं, मग गरम चहाने कळ यायची आणि गार पाण्याने बरं वाटायचं, आणि एके सकाळी सगळं शांत. आतली नस मेलेली असते, जंतू मुळाच्या टोकाशी काम करतच असतात. काही महिन्यांनी हेच लोक सुजलेला गाल घेऊन येतात, आणि रूट कॅनालने वाचली असती ती दाढ काढावी लागते.
अजून एक. खालच्या जबड्यात दुखतंय, पण एका दाताकडे बोट दाखवता येत नाही, चाललं की वाढतं, सोबत छातीत दडपण किंवा घाम, तर माझ्याकडे येऊ नका. हृदयाचं दुखणंही तिथे उतरतं. १०८ लावा.

यावलकर
वाचतोय आणि लिहितोय. खालची अक्कलदाढ, कालपासून सूज, आता गळ्याकडे उतरलीय. तोंड दोन बोटं जाईल एवढंही उघडत नाही. लवंग धरलीय. सकाळपर्यंत थांबू का?

दातांचा डॉक्टर, धुळे
दादा, थांबू नका. ताप आहे का, थुंकी गिळता येते का, हे बघत बसू नका, आत्ताच मोठ्या रुग्णालयात निघा. जबड्याखालची सूज श्वासाची वाट बंद करू शकते. गाडी नसेल तर १०८. आडवं होऊ नका, बसूनच जा.

यावलकर
शेजारच्याच्या गाडीने जळगावला आलो. दाखल करून घेतलं, सलाइनमधून औषध चालू आहे, बाहेरून चीर देऊन पू काढला. दाढ सूज उतरल्यावर काढणार. बोलता येत नाही, म्हणून टाइप करतोय. डॉक्टर, उद्या पातळ खिचडी चालेल का?