बॅटरीवरची रेसिप्रोकेटिंग सॉ स्वस्तात कुठली घेऊ? अर्जंट मदत हवी आहे

सड्यावरचा
मंडळी, फांद्या कापायला बॅटरीवरची रेसिप्रोकेटिंग सॉ घ्यायची आहे, दुकानदार सेबर सॉ म्हणतात तीच, ब्लेड पुढेमागे होणारी करवत. बजेट पाच हजार, त्याच्या वर जाणार नाही. ऑनलाइन बघून डोकं फिरलंय, एकावर 21 व्होल्ट, दुसऱ्यावर 48, तिसऱ्यावर 88 आणि किमती सगळ्यांच्या जवळपास सारख्याच, रिव्ह्यू वाचावेत तर निम्मे लोक खोकं फाटकं आलं म्हणून रडतायत. मृग लागायच्या आत उरकायचंय. फक्त मॉडेलचं नाव सांगा, चर्चा नको.

गुहागरी
कसल्या फांद्या? केवढ्या जाड?

सड्यावरचा
फांद्या म्हणजे फांद्या हो. बारीकच आहेत.

देवगडचे काका
बारीक म्हणजे करंगळी की मनगट? करंगळीएवढी असेल तर ही मशीन घेऊच नका. ब्लेड पुढेमागे होतं ना, त्याच्याबरोबर फांदीच हलत बसते, कापत काही नाही. तिथे सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, किंवा लॉपर म्हणजे तीच लांब दांड्याची. मशीनचा उपयोग इंचाच्या पुढे, फांदी आपल्या जागी घट्ट राहते तिथे. आणि झाड कुठलं ते लिहिलंच नाहीत.

माडाखाली
कशाक व्हया तां मशीन? कोयतो घे, दोन घाव घाल, फांदी खाली.

कोकमताई
कोयत्याने साल खालपर्यंत सोलवटते आणि त्या जखमेवर खोडकिडा येतो. आमच्या बागेत गड्यांना कोयता लावायला बंदी आहे. कापायचं तर करवतीने, आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून, फांदी पडली की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता. वर बोर्डो पेस्ट, 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. पावसाच्या तोंडावर कापणार असाल तर पेस्ट विसरू नका.

माडाखाली
ताई, माझ्या आज्याची कलमा कोयत्यानच तासलेली, अजून धरतत.

पेट्रोलवाला
सॉ वगैरे सोडा, मिनी चेनसॉ घ्या. सहा इंची पट्टी, एका हातात मावते, मनगटाएवढी फांदी बघता बघता खाली. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनला आम्ही मोठी पेट्रोलची चालवली, आता घरच्या कामाला ही छोटी.

गुहागरी
एका हातात मावते म्हणून तर लोक शिडीवर एका हाताने चालवतात. पट्टीचं टोक दुसऱ्या फांदीला लागलं की उसळून अंगावर येते. शिवाय साखळीला तेल, साखळी सैल झाली की ताणा, उतरली की पुन्हा बसवा.

पेट्रोलवाला
तुमची सेबर सॉ काय शिडीवर मांडी घालून चालवायची असते का? तिलाही दोन हात लागतातच. पुढचा लोखंडी बूट फांदीला दाबून धरला नाही तर हातच हादरतात.

वायरमन
व्होल्टचं सांगतो. या मशीनच्या बॅटरीत बहुतेक पाच सेल एकामागे एक असतात. प्रत्येकी 3.6 धरले तर 18, फुल चार्जला 4.2 धरले तर 21. म्हणजे 18, 20 मॅक्स, 21 हे एकच प्रकरण. 48 आणि 88 हे स्टिकर आहेत, बॅटरी उघडलीत तर बऱ्याचदा आत तेच पाच सेल. तुम्ही अँपिअर-अवर बघा, 18 व्होल्ट 4 एएच म्हणजे 72 वॉट-अवर. दीड एएचवाली कामाच्या मध्येच मान टाकते. आणि किमतीत बॅटरी चार्जर आहे का ते वाचा, नुसतं मशीन स्वस्तच दिसतं.

कायदेपंडित
परवानगी घेतली का? 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन सगळे आहेत.

कोकमताई
अहो, सड्यावरचे छाटणी विचारतायत, झाड तोडायचं नाही.

सड्यावरचा
एवढं सगळं लिहिलंत पण मॉडेल कुणीच सांगितलं नाही. बरं, ऐका. हापूसची जुनी कलमं आणि थोडे काजू, फांद्या दीड ते तीन इंच, आत गच्च झाल्यात, उजेडच जात नाही. घरी बॉशची ड्रिल आहे दोन बॅटऱ्यांसकट, तीच बॅटरी चालेल ना?

देवगडचे काका
हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून! बॉशच्या निळ्या मालिकेतली की हिरव्या? किती व्होल्ट?

सड्यावरचा
निळी. 12.

वायरमन
मग 18 च्या मशीनला ती बसणार नाही. निळ्यात 12 ची छोटी सॉ येते, नुसतं मशीन शोधा. पण स्ट्रोक, म्हणजे ब्लेड पुढेमागे सरकतं ते अंतर, जेमतेम 14 मिलिमीटर, मोठ्या मशीनचा 28 ते 32 असतो. दोन इंचापर्यंत ठीक, तीन इंची ओल्या आंब्याला वेळ खाईल. हिरव्या मालिकेतलं 18 चुकून उचलू नका, पुढे कधी निळं 18 घेतलंत तर बॅटऱ्या एकमेकांत चालत नाहीत.

गुहागरी
मशीनपेक्षा ब्लेड महत्त्वाचं. खोक्यात येतात ती बहुतेक लोखंड कापायची, बारीक दातांची. ओल्या लाकडाचा भुसा आणि चीक दातांत भरतो, ब्लेड नुसतं तापतं. इंचाला पाच-सहा दात, लांबी 240 मिलिमीटर. बॉशचं एस 1531 एल ओल्या फांद्यांसाठीच आहे. मागचा खुट्टा बहुतेक कंपन्यांचा सारखाच, त्यामुळे बिननावाच्या 21 व्होल्टवाल्यालाही बसेल. काम झालं की पुसून खोबरेल लावा, खाऱ्या हवेत रात्रीत गंज धरतो.

कोकमताई
पाच हजारांत खरं तर चांगली घडीची करवत आणि लॉपर घेऊन पैसे उरतील. माणसं मिळत नाहीत म्हणून मशीन हवं असेल तर गोष्ट वेगळी. आंब्याचा चीक उडतो, चष्मा आणि पूर्ण बाह्या घाला, काजूलाही तेच.

माडाखाली
आणि हुमले, झाडावरचे तांबडे मुंगळे. हुमल्यांचा घरटा बघल्याशिवाय शिडी लावू नको.

रानवाट
आंबे उतरवायच्या नूतन झेल्याच्या बांबूला करवत बांधली तर शिडीच नको. आणि पाला फुकट घालवू नका, कवळ म्हणून भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी शेतात पसरून जाळायला, चालेल का हो?

देवगडचे काका
मृगाच्या तोंडावर कसली भाजावळ. गुरांच्या गोठ्यात अंथरा.

सड्यावरचा
बरं. तीन इंची फांद्या मोजक्याच आहेत, त्या हातानेच कापतो. उद्या रत्नागिरीत 12 चं मशीन मिळालं तर तेच, नाहीतर 4 एएचचा 21 वाला सेट. ब्लेड मात्र सुटंच घेणार.

रानवाट
यानं माडाच्या झावळ्या निघतील का?

माडाखाली
माडार चढूक माणूस गावलो काय तां आधी सांग.