पिंगळा शोधताना आधी जमीन पाहावी

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दोन सकाळी फिरूनही पिंगळा, म्हणजे ते ठिपक्यांचे छोटे घुबड, दिसला नाही, असे आपण लिहिले आहे; माझ्या मते झाडाआधी झाडाखालची जमीन न्याहाळावी. जुन्या आंब्याच्या किंवा चिंचेच्या ढोलीखाली विष्ठेचे चुन्यासारखे पांढरे ओघळ आणि किड्यांच्या पंखांचे, उंदरांच्या हाडांचे तुकडे असलेले ओकलेले गोळे दिसले, की जेमतेम २१ सेंटिमीटरचा हा पक्षी वर कुठेतरी असण्याची शक्यता बरीच वाढते. मला तर एकदा खारीनेच तो दाखवला: ती एकाच फांदीकडे तोंड करून चिरचिरत होती, आणि तिथे पिवळे डोळे, पांढऱ्या भुवया व मला पाहताच मान वरखाली करण्याचा तो गमतीदार कार्यक्रम.

फ्लॅश मात्र वापरू नये. मावळतीच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढवून कॅमेरा मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) टेकवला, तर पक्षी निश्चल बसत असल्याने १/६० सेकंदातही डोळे रेखीव येतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा विणीचा काळ असल्याने ढोलीपासून लांबच थांबावे, आणि छायाचित्राखाली नेमके झाड सांगू नये. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपायी घुबडे पकडणारेही ते वाचू शकतात.