अनुभव धागा: दोष उपकरणात की भिंतीतल्या लॅन केबलमध्ये?

सांगली, विश्रामबाग (धागा सुरू करताना)

आमच्या फाटकावर कॅमेऱ्याची स्मार्ट बेल आहे. वीज आणि नेट दोन्ही एकाच लॅन केबलमधून, म्हणजे पीओई. दिवसा उत्तम चालायची, अंधार पडला की सारखी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. दुकानदाराने बेल बदलून दिली, नवीही तशीच. वायरिंगवाल्याने केबल टेस्टर लावला, आतल्या आठ तारांचे आठही दिवे लागले, "केबल ओके आहे" म्हणून तो गेला.

शेवटी बेल काढून घरात आणली, छोट्या पॅच कॉर्डने (तयार लॅन वायरने) थेट नेटवर्क स्विचला, म्हणजे नेट आणि वीज पुरवणाऱ्या डब्याला, जोडली आणि रात्रभर अंधाऱ्या खोलीत ठेवली. एकदाही बंद पडली नाही. म्हणजे दोष भिंतीत. केबलची तार ब्लेडने खरवडली तर वरून तांब्याचा नुसता मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम! अशा तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की बेल जास्त करंट ओढते, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि ती रीस्टार्ट होते. साध्या पीओईत स्विच १५.४ वॅट देतो आणि टोकाला १२.९५ वॅट पोचतील असा हिशेब असतो, पण तो तांब्याच्या तारेचा. शुद्ध तांब्याची कॅट-६ दर्जाची लॅन केबल ओढल्यावर त्रास संपला.

टेस्टरचे दिवे एवढंच सांगतात की तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे. भार पडल्यावर काय होईल ते त्यातून कळत नाही. हे कुणी सांगत नाही म्हणून लोक चांगली उपकरणं बदलत राहतात, याचं फार वाईट वाटतं. तुमच्याकडे लक्षण काय होतं, दोष कुठे निघाला, कसा सापडला, जरूर लिहा.

सातारा, शाहूपुरी

आमचं कोडं वेगळं होतं. घरातले दिवे चालवणारा डबा, म्हणजे स्मार्ट हब, हॉलमधल्या लॅनच्या पॉइंटवर व्यवस्थित, पण त्याच पॉइंटला लॅपटॉप लावला की लिंक यायची आणि जायची. भाच्याने उलगडून सांगितलं. लॅन केबलमध्ये आठ तारांच्या पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. हबचं पोर्ट १०० एमबीपीएसचं, त्याला चारपैकी दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. राउटर आणि लॅपटॉप वेग ठरवतात तो त्याच दोन जोड्यांवरून. गिगाबिट ठरतं, आणि उरलेल्या जोड्यांत दोष असला की जोडणी टिकत नाही. आयओ (भिंतीतला लॅनचा सॉकेट) उघडला तर तपकिरी जोडी नीट पंच झालेलीच नव्हती, म्हणजे खाचेत दाबून बसलेली नव्हती. पंचिंग टूलने पुन्हा बसवली, मिटलं.

कोरेगाव, वायरमन

मी सातारा-कोरेगाव-रहिमतपूर बाजूला हीच कामं करतो. शाहूपुरीच्या ताईंचा दोष तरी टेस्टरवर दिसला असता. त्याहून अवघड असतो तो रंगांचा. काही जण रंगांच्या जोड्या सरळ ओळीने लावतात: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच लावलं की आठही दिवे क्रमाने लागतात. पण जॅकमधल्या ३ आणि ६ नंबरच्या पिना एकाच जोडीच्या असाव्या लागतात. तारांना पीळ दिलेला असतो तो एकमेकींचा गोंगाट मारण्यासाठी, आणि इथे त्या दोन पिना वेगवेगळ्या जोड्यांत जातात, म्हणजे जोडी फुटते. दोन-तीन मीटरला चालून जातं, वरच्या मजल्यावर नेलं की कॅमेरा अडकत अडकत चालतो.

बरोबर क्रम हा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकमध्ये पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवू नका. आणि हात जोडून सांगतो, पाइप वाचवायला लाइटच्या वायरींबरोबर लॅन ओढू नका. इन्सुलेशन खराब झालं तर २३० व्होल्ट थेट उपकरणात येतील, हात लावणाऱ्या माणसापर्यंतही.

सांगली, गावभाग

२०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी होतं. घर वाळलं, रंग झाला, राउटरही नवा आला. पण खालच्या स्मार्ट पॅनलला नेट कधी असायचं, कधी नाही. आयओचा बॉक्स उघडला तर तांब्यावर हिरवट गंज. जॅक बदलला, थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. कापलेल्या टोकातून पाणी केबलच्या सालीखाली बरंच आत गेलेलं असतं आणि ते सहज सुकत नाही. ती केबल सोडूनच दिली. नवी लाइन वरच्या मजल्यावरून छताच्या उंचीने केसिंग पट्टीत आणली. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा पॅनल काढून वर नेलं, लाइनला काही झालं नाही. नदीकाठी घर बांधणाऱ्यांनी खालून पाइप टाकूच नयेत.

मिरज

टीव्हीवर लॅनने ९०-९५ एमबीपीएसच्या पुढे वेग मिळत नाही म्हणून कुणी भिंत फोडणार असेल तर थांबा. पुष्कळ टीव्हींचं पोर्टच १०० चं असतं. आधी लॅपटॉप लावून लिंक स्पीड बघा.

कराड

दादा, तुमची केबल बदलायला भिंत फोडावी लागली का? आमचीही फाटकाकडची तशीच पांढरी निघाली.

सांगली, विश्रामबाग

नाही हो. जुनीच्याच टोकाला नवी घट्ट बांधून, चिकटपट्टी गुंडाळून ओढली. घरातल्या पाइपातून आली, कंपाउंडच्या वळणावर अडली. तिथून पुढे वेगळा पाइप भिंतीवरून नेला आणि उन्हापावसात टिकणारी बाहेरची केबल घेतली. खरेदी करताना मात्र दुकानातच एक तार खरवडून बघा.