टेल लाइटला एलईडी: ब्रेक दाबल्यावर उजेडात फरक पडत नाही, मदत हवी आहे

मूळ बल्ब १२ व्होल्ट, २१/५ वॅट (ब्रेकला २१, पार्किंग लाइटला ५), दोन फिलामेंटचे, होल्डर बीएवाय १५डी. त्याजागी लाल एलईडी घातले (पांढरे लाल काचेमागे गुलाबट दिसतात). आता पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला तर उजेड जेमतेम वाढतो. मागच्या गाडीला कळणार कसं? ब्रेकच्या पिनेवर १३.८ व्होल्ट येतात, अर्थिंग स्वच्छ आहे, जुना बल्ब लावला की फरक ठळक दिसतो. म्हणजे खोट एलईडीतच.

शिवाय स्विच बंद असतानाही एलईडी मिणमिणतात. बल्ब जळालाय का ते तपासणाऱ्या गाडीतल्या मॉड्यूलचा बारीक करंट असावा. तो करंट वळवायला ब्रेकच्या तारेला ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर समांतर लावता येईल, पण तो भलताच तापतो, पत्र्यावरच बसवावा लागेल. पार्किंगच्या तारेला तर नकोच, तिथे तो तासन्‌तास चालू राहील.

पार्किंगला मंद, ब्रेकला किमान चौपट, आणि बल्बमागचा चकचकीत रिफ्लेक्टर उजेडाने भरेल अशा, बाजूनेही चिपा असलेला एलईडी कोणी वापरलाय का?